माकडाचा जबडा आणि पुलांचा इंजिनिअर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

देवळाच्या आवारात किंवा माथेरानच्या वाटेवर माकडांना शेंगा खाताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. हाताला लागेल ते आधी गालाच्या पिशवीत कोंबायचे, मग झाडावर चढून निवांतपणे एकेक दाणा दाढेखाली घ्यायचा. पाहणाऱ्याचे लक्ष असते दातांकडे, विशेषतः सुळ्यांकडे. पण ते दात ज्या हाडात रोवलेले आहेत, त्या हाडाचे काय चालले असते? ते हाड दर घासाला किंचित वाकते, किंचित पिळवटते आणि घास संपला की मूळ आकारावर येते. दिवसातून हजारो वेळा. तरी ते मोडत नाही.

आयुष्यभर मी अभियांत्रिकीच्या मुलांना ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स’ हा विषय शिकवला. तुळई किती वाकेल, हे दोन गोष्टींवर ठरते, हा त्यातला पहिला धडा. एक तिचा आकार, म्हणजे जाडी आणि उंची. दुसरी, ती ज्या द्रव्याची आहे त्याचा ताठपणा. जबड्याच्या हाडाचा आकार शास्त्रज्ञ दीडशे वर्षे मोजत आले आहेत. ताठपणाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले, आणि एकाच जबड्यात तो जागोजाग वेगळा असतो हे तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत नीट कळले. ही त्या उशिराची हकिगत आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. ताठपणा म्हणजे बळकटी नव्हे. काच ताठ असते, पण एका टिचकीत फुटते. वेताची छडी मुळीच ताठ नसते, पण मोडता मोडत नाही, हे माझ्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. ताठपणा म्हणजे दाबाला किंवा ओढीला दाद न देण्याचा गुण. तो मोजायचे माप टॉमस यंग या इंग्रज विद्वानाच्या नावाने ओळखले जाते. १८०७ साली छापलेल्या व्याख्यानांत त्याने ही कल्पना मांडली. गंमत म्हणजे हा यंग पेशाने डॉक्टर होता. आजच्या मापात पोलादाचा आकडा सुमारे २०० गिगापास्कल, सागवानाचा रेषांच्या दिशेने दहा-बारा, आणि चांगल्या घट्ट हाडाचा पंधरा ते वीसच्या आसपास. म्हणजे हाड लाकडापेक्षा ताठ, पोलादापेक्षा दहापट लवचीक. एवढे आकडे लक्षात ठेवले तरी पुढचे समजेल.

हाडाकडे इमारतीच्या नजरेने बघायची सुरुवात गॅलिलिओने केली. १६३८ साली छापलेल्या त्याच्या अखेरच्या ग्रंथात दोन हाडांचे चित्र आहे, एक लहान प्राण्याचे आणि दुसरे मोठ्या प्राण्याचे, बेढब जाड. प्राणी मोठा झाला की हाड नुसते त्या प्रमाणात लांब होऊन भागत नाही, ते अधिक जाड व्हावे लागते, असा त्याचा मुद्दा. तो आकाराचा मुद्दा होता. द्रव्य त्याने दोन्हीकडे एकच धरले होते.

खरी कथा सुरू होते ती झुरिचमध्ये, १८६६ साली. तिथे विद्यापीठात हेर्मान फोन मायर हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्याच गावात नव्याने निघालेल्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल कुलमान हे इंजिनिअर शिकवत होते. कुलमान मूळचे बव्हेरियाच्या रेल्वेतले. इंग्लंड-अमेरिकेत हिंडून त्यांनी तिथले पूल बारकाईने पाहिले होते. तुळईतली बले आकडेमोडीऐवजी रेघा आखून काढायची पद्धत त्यांनी बसवली, आणि तिच्यावरचा त्यांचा ग्रंथही याच १८६६ चा. मायरांनी मांडीचे हाड वरच्या टोकाशी उभे चिरले होते. आत स्पंजासारखी जाळी असते. पण ती जाळी वेडीवाकडी नव्हती. तिच्यात कमानदार रेघांचे दोन संच एकमेकांना छेदत गेलेले स्पष्ट दिसत होते. कुलमानांनी ते पाहिले आणि ते चकित झाले. वाकलेल्या मानेची क्रेन ओझे उचलते तेव्हा तिच्या पोटात दाब आणि ताण ज्या वाटांनी वाहतात, त्या रेघा ते विद्यार्थ्यांकडून रोज आखून घेत. हाडातल्या रेघा हुबेहूब तशाच होत्या.

दोन वेगळ्या खात्यांचे प्राध्यापक एकमेकांच्या खोलीत डोकावले म्हणून हे घडले. आपल्याकडच्या महाविद्यालयांत असे किती वेळा होते, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

बर्लिनचे शल्यचिकित्सक यूलियुस वोल्फ यांनी ही कल्पना उचलली आणि १८९२ साली तिला नियमाचे रूप देणारा ग्रंथ लिहिला. हाडावर जसे काम पडेल तसे हाड आपली घडण बदलते, हा तो नियम. निरीक्षण मायरांचे, गणित कुलमानांचे, पण नियमाला नाव पडले वोल्फचे. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

या सगळ्यात एक गृहीत चोरपावलांनी आत शिरले होते. कुलमानांची कागदावरची क्रेन भरीव होती आणि तिचे द्रव्य सगळीकडे एकच होते. पोलादाच्या तुळईला हे चालते. कारखान्यातून आलेल्या तुळईचे डावे टोक उजव्यापेक्षा मऊ निघाले तर आपण ती परत पाठवू. हाड मात्र जिवंत असते. त्याचा एक भाग वर्षानुवर्षांचा जुना, तर शेजारचा गेल्या महिन्यात घातलेला. तरीही पुढे शंभर वर्षे हाडाचे गणित मांडताना सगळीकडे एकच आकडा धरला गेला, कारण दुसरा आकडा मिळवायची सोयच नव्हती.

सोय कशी झाली, तेही ऐकण्यासारखे आहे. १९३८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर रूज हे भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांचे काय होते याचा अभ्यास करीत होते. टाकीच्या छोट्या प्रतिकृतीचा पत्रा इतका पातळ, की त्यावर कुठलेही अवजड मापक बसेना. त्यांनी बारीक तार घेतली आणि ती सिगारेटच्या कागदासह पत्र्याला डिंकाने चिकटवली. पत्रा ताणला की तार ताणली जाई, तार ताणली की तिचा विद्युतरोध बदले, आणि तो मोजला की झाले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स यांनीही स्वतंत्रपणे हीच युक्ती काढली होती. या ‘स्ट्रेन गेज’वर पुढे विमाने तपासली गेली, पूल तपासले गेले. आणि मग कुणाच्या तरी मनात आले, की हाडाला का लावू नये?

माकडाच्या जबड्याच्या बाबतीत हे काम नाव घेण्याजोगे केले ते ड्यूक विद्यापीठाच्या विल्यम हायलँडर यांनी. १९७७ आणि १९७९ साली त्यांचे पहिले महत्त्वाचे निबंध आले. त्यांनी दोन प्राणी निवडले. एक गॅलॅगो, म्हणजे आफ्रिकेतला मोठ्या डोळ्यांचा, रात्री हिंडणारा छोटा प्राणी. दुसरे आग्नेय आशियातले लांब शेपटीचे माकड, आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाचे सख्खे नातलग. भूल देऊन जबड्याच्या हाडावर गेज चिकटवायचे, प्राणी शुद्धीवर आला की त्याला खायला द्यायचे आणि तो चावत असताना यंत्रावर उमटणाऱ्या रेघा वाचायच्या. मेलेल्या हाडावर वजने टांगून पाहणे वेगळे आणि जिवंत प्राणी आपणहून चावत असताना पाहणे वेगळे.

जे दिसले ते असे. माकड उजव्या दाढांनी चावत असेल तर डाव्या बाजूचे स्नायूही जोर लावतात. डावी बाजू, जिथे घास नाहीच, ती तुळईसारखी वर-खाली वाकते. घासाची बाजू वाकतेच, पण पिळवटतेही. आणि चावा संपता संपता दोन्ही बाजू बाहेरच्या अंगाला ओढल्या जातात. गलोलीच्या बेचक्याची दोन टोके हाताने फाकवावीत, अगदी तसे. बेचके फाकवले की ते कुठे फुटते? दोन फांद्या मिळतात तिथे, आतल्या अंगाने. माकडाच्या हनुवटीच्या हाडावर सर्वांत जास्त ताण तिथेच येतो, जिभेच्या बाजूला, आणि तिथे आतून जाड कंगोरा असतो. गॅलॅगोच्या जबड्याचे दोन अर्धे तर समोर सांधलेलेच नसतात. माकडात ते लहानपणीच एकजीव होतात. का होतात, यावर हायलँडर यांच्या मोजणीने पहिल्यांदा ठोस बोलता येऊ लागले.

हे सगळे वाकणे किती? मीटरभर लांबीमागे फार तर एखाद-दुसरा मिलिमीटर, या हिशेबाने. डोळ्याला काहीच दिसणार नाही. पण गेजला दिसते.

तरीही एक अडचण राहिली. गेज सांगते ते हाड किती ताणले गेले. त्या जागी बल किती आले, हे ते सांगत नाही. त्यासाठी ताठपणाने गुणावे लागते. रबर आणि पोलाद दोन्ही तेवढेच ताणले गेले, तर पोलादात कितीतरी जास्त बल असणार, हे उघड आहे. मग माकडाच्या जबड्यात दाढेखाली जो ताठपणा, तोच हनुवटीपाशी आहे का? हाडाच्या बाहेरच्या अंगाला जो, तोच जिभेच्या अंगाला?

याचे उत्तर आले आवाजाच्या मदतीने. हाडाच्या तुकड्यातून अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सोडायच्या आणि पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते पाहायचे. द्रव्य जितके ताठ, तितका आवाज वेगाने जातो. वेगाचा वर्ग करून घनतेने गुणला की ताठपणा मिळतो. हिशेब करून बघा. हाडाची घनता घनमीटरला १९०० किलो धरा, आवाजाचा वेग सेकंदाला ३२०० मीटर धरा, उत्तर साडेएकोणीस गिगापास्कलच्या आसपास येते. पद्धतीची मोठी खुबी ही, की तोच तुकडा लांबीच्या, उंचीच्या आणि जाडीच्या, अशा तिन्ही दिशांनी मोजता येतो, आणि तुकडा मोडावा लागत नाही. १९८७ साली अॅशमन आणि व्हॅन बस्कर्क यांनी माणसाचा खालचा जबडा असा मोजला. २००० साली डॅलसचे पॉल डेचो आणि आपले हायलँडर यांनी मिळून माकडाचा जबडा मोजला, म्हणजे गेजच्या जुन्या नोंदी आणि ताठपणाचे नवे आकडे प्रथमच एका ठिकाणी आले.

निकाल सरळ होता. जबड्याचे हाड लांबीच्या दिशेने जास्त ताठ, आडव्या दिशेने कमी, जसे लाकूड रेषांच्या दिशेने आणि आडवे वेगळे वागते. शिवाय जागोजाग आकडे बदलतात. याचा एक परिणाम इंजिनिअरला चटकन कळतो. अशा द्रव्यात हाड ज्या दिशेने ताणले जाते, नेमक्या त्याच दिशेने बल असते असे नाही. रेघ थोडी कलते. कुलमानांच्या सुंदर रेघा इथे पहिल्यांदा हलल्या.

हाड कमी-जास्त ताठ का होते, याचा उलगडा त्याआधीच इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या जॉन करी यांनी केला होता. १९७९ च्या त्यांच्या निबंधाचे मला फार कौतुक वाटते, कारण प्रयोग अगदी साधा आहे. त्यांनी तीन हाडे घेतली. हरणाचे शिंग, गायीच्या मांडीचे हाड आणि देवमाशाच्या कानातले हाड. शिंगात खनिजाचा भाग सुमारे ५९ टक्के, मांडीच्या हाडात ६७, कानाच्या हाडात ८६. ताठपणा त्याच क्रमाने चढत गेला, साधारण ७, १३ आणि ३१ गिगापास्कल. चिवटपणा मात्र नेमका उलट्या क्रमाने. शिंगाला टकरी घ्यायच्या असतात, ते मोडून चालणार नाही. कानाच्या हाडाला आवाज झेलायचा असतो, त्याला कुणी धडका मारीत नाही, तेव्हा ते ठिसूळ असले तरी बिघडत नाही. खनिज वाढवले की ताठपणा मिळतो आणि चिवटपणा जातो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. नव्याने घातलेल्या हाडात खनिज कमी असते आणि ते हळूहळू भरत जाते, हे यात जोडले की चित्र पुरे होते. जे हाड वारंवार मोडून नवे घातले जाते ते थोडे मऊच राहणार.

आता आपण पश्चिम आफ्रिकेत जाऊ. आयव्हरी कोस्टमध्ये ताई नावाचे जंगल आहे. नाव ऐकून आपल्याला घरातली थोरली बहीण आठवेल, पण तो योगायोग. १९८२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली माकडे अनेक वर्षे अभ्यासकांच्या नजरेखाली आहेत. कोण काय खाते, किती वेळा चावते, कुठल्या दातांनी फोडते, याच्या नोंदी आहेत. आणि जी माकडे बिबळ्याच्या, गरुडाच्या किंवा आजाराच्या तावडीत सापडून मरतात, त्यांची हाडे जंगलात वेचली जातात. ओहायोचे स्कॉट मॅग्रॉ आणि फ्लोरिडाचे डेव्हिड डेगलिंग यांनी या हाडांवर काम केले. जबड्यासाठी माकड मारावे लागले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

ताईमधल्या कोलोबस जातीची माकडे म्हणजे आपल्या काळ्या तोंडाच्या वानराची आफ्रिकेतली चुलत भावंडे. तीही पाने खाणारी, त्यांनाही गालात पिशवी नाही. त्यांतली एक जात प्रामुख्याने कोवळ्या पानांवर राहते, तर दुसरी पेंटाक्लेथ्रा नावाच्या झाडाच्या जाडजूड शेंगा फोडून बिया खाते. तर मग दुसरीचा जबडा पहिलीपेक्षा भक्कम असायला हवा. २००१ साली डेगलिंग आणि मॅग्रॉ यांनी आकार मोजून पाहिले, तेव्हा आहार आणि जबडा यांचा मेळ अपेक्षेइतका सरळ बसला नाही. मग आकारात जे दिसत नाही ते द्रव्यात असेल का?

त्यासाठी त्यांनी वेगळी पद्धत वापरली. हाडाचा आडवा काप घासून गुळगुळीत करायचा आणि ठरावीक वजनाने हिऱ्याचे टोक त्यावर टेकवायचे. जो सूक्ष्म खड्डा पडतो तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. खड्डा लहान, तर हाड कठीण, आणि हाडाच्या कठीणपणावरून ताठपणाचा बराच नेमका अंदाज बांधता येतो. ध्वनीच्या पद्धतीला तुकडा लागतो, इथे टाचणीच्या टोकाएवढी जागा पुरते. म्हणून एकाच कापावर शेजारशेजारच्या अनेक जागा तपासता येतात. कारखान्यात धातूचा कठीणपणा पाहतात, तीच ही रीत.

२०११ साली त्यांचा निष्कर्ष आला. या माकडांत दातांच्या खोबणींभोवतीचे हाड जबड्याच्या तळाच्या हाडापेक्षा कमी ताठ असते. ऐकताना उलटे वाटते. घास जिथे फुटतो, त्याच्या सर्वांत जवळचे हाड मऊ? पण विचार केला तर त्यात नवल नाही. दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा बारीक पडदा असतो, दात त्यात टांगलेला असतो, सरकत असतो, झिजला तर थोडा वर येत असतो. त्यामुळे भोवतीचे हाड सतत मोडले आणि घडवले जाते. ते सदैव तरुण असते, आणि तरुण हाडात खनिज कमी.

इंजिनिअरला यातून काय दिसते? सागाच्या तुळईच्या तळाला लोखंडी पट्टी मारली, तर ओझ्याचा मोठा वाटा पट्टी उचलते, लाकूड त्या मानाने सुटते. जबड्यातही तसेच. ताठ तळ जास्त बल घेतो, वरचा दातांजवळचा भाग कमी. नुसत्या आकारावरून गणित केले तर दातांजवळच्या हाडावर फुगवलेला आकडा येतो आणि तळावर कमी. म्हणजे अमुक जबडा अमुक खाण्यासाठी घडला आहे असे छातीठोक सांगणारी आकारावरची गणिते पुन्हा तपासायला हवीत.

आपल्या तोंडातही हेच हाड आहे. म्हातारपणी दात गेले की दातांसाठी असलेला हाडाचा तो वरचा कंगोरा झिजत जातो, गाल बसतात, बोळके होते. चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण म्हणतो, पण दातांच्या मागोमाग हाडही जाते. उरते त्याचे द्रव्यही पहिल्यासारखे राहत नाही, हे डेचो यांच्या गटाने २००२ साली माणसाच्या जबड्यांवर दाखवले. आज टिटॅनियमचे स्क्रू घालून त्यावर दात बसवतात. टिटॅनियम हाडापेक्षा पाच-सहापट ताठ, आणि मधला तंतूंचा पडदा गेलेला. असा स्क्रू मऊ हाडात बसला आहे की ताठ हाडात, याचा हिशेब बसवणाऱ्याला ठेवावाच लागतो.

पण या संशोधकांची नजर मुख्यतः दुसरीकडे होती. १७ जुलै १९५९ रोजी टांझानियाच्या ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना एक कवटी सापडली. सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची, प्रचंड दाढांची. वर्तमानपत्रांत तिचे नाव झाले ‘नटक्रॅकर मॅन’, म्हणजे अडकित्त्या माणूस. त्या कवटीला खालचा जबडा नव्हता. तो मिळाला १९६४ साली, नेट्रॉन सरोवराजवळ पेनिंजला, त्याच जातीच्या दुसऱ्या एका प्राण्याचा, कामोया किमेऊ यांच्या नजरेला पडलेला. हाड असे की हातात धरल्यावर कुणीही म्हणावे, हा कठीण कवचाची फळे फोडायलाच जन्मला. आणि पन्नास वर्षे असेच म्हटले गेले. जीवाश्मात आकार राहतो, पण लाखो वर्षांत मूळ द्रव्य बदलून दगड झालेले असते. त्याचा ताठपणा मोजून काही हाती लागत नाही. म्हणून जिवंत माकडांत आकार, द्रव्य आणि आहार यांचे नाते काय, हे आधी कळायला हवे होते.

ताईमध्ये करड्या रंगाचे एक मँगबी माकडही आहे. ते जमिनीवर पडलेल्या साकोग्लॉटिसच्या बिया वर्षभर दाढांनी फोडते, आणि तो फुटण्याचा आवाज माणसालाही ऐकू येतो. खरा अडकित्ता तो. २००८ साली अडकित्त्या माणसाच्या दाढांवरचे सूक्ष्म ओरखडे तपासले गेले, तेव्हा कठीण काही फोडल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. २०११ मध्ये, म्हणजे कोलोबसच्या जबड्यावरचा तो निबंध आला त्याच वर्षी, त्याच्या दातांतल्या कार्बनचे पृथक्करण झाले. त्याचे बहुतेक अन्न गवत आणि लव्हाळ्याच्या वर्गातले होते. नटे फोडण्याऐवजी तो बहुधा दिवसभर रवंथ केल्यासारखा चावत बसत असावा, एकेका घासाला बेताचे, पण न संपणारे.